चाकावरचे घर आणि कारभारणीची अट



मागच्या लेखात हुमणीचे भुंगेरे गोळा कसे करायचे ते पाहिले. त्यावर पुष्कळ पत्रे आली आहेत, त्यांना यथावकाश उत्तरे देणारच आहे. आज मात्र पीक, खत, फवारणी बाजूला ठेवू. आज लिहायचे आहे ते विसाव्याबद्दल.

शेतकऱ्याच्या घराला सुट्टी नसते हे मला कोणी सांगायला नको. तीस वर्षे बांधावर हिंडतो आहे. म्हैस रविवार ओळखत नाही आणि विजेचे भारनियमन सण पाहत नाही. घर सोडून बाहेर पडायचे ते लग्नाला, मयताला, नाहीतर जत्रेला. आणि जत्रेत तरी काय होते? देवळामागे आंब्याखाली बिऱ्हाड पडते, पुरुष मंडळी कुस्त्या बघायला जातात, पोरे पाळण्याकडे पळतात आणि घरची बाई तीन दगड मांडून चूल पेटवते. घरी धुणीभांडी, तिथेही धुणीभांडी. फक्त पाणी जरा लांबून आणायचे. जत्रा कोणाची झाली आणि कष्ट कोणाचे झाले, याचा हिशेब आपण कधी मांडत नाही.

हा हिशेब मला परमुलखात पाहायला मिळाला. आमची लेक आणि जावई अमेरिकेत आयोवा राज्यात असतात. गेल्या ऑगस्टमध्ये रजा काढून आम्ही दोघे तिकडे गेलो होतो. आयोवा म्हणजे अमेरिकेच्या मधोमध असलेले काळ्या मातीचे राज्य. नजर पोचेल तिथवर मका, मका संपला की सोयाबीन, सोयाबीन संपले की पुन्हा मका. डी मॉइन ही तिथली राजधानी. दर ऑगस्टमध्ये तिथे राज्याची शेतकी जत्रा भरते, ती अकरा दिवस चालते. पहिली जत्रा १८५४ साली फेअरफील्ड नावाच्या गावी भरली. आजच्या जागेवर ती १८८६ पासून आहे. दुसऱ्या महायुद्धात चार वर्षे आणि २०२० साली कोरोनामुळे ती भरली नव्हती. राज्याची वस्ती बत्तीस लाखांच्या आसपास आणि जत्रेला येणारी माणसे दहा लाखांच्या वर. त्यावरून अंदाज करा.

जावयांनी बेत सांगितला. त्यांच्या बरोबर काम करणाऱ्या एकाचे आईवडील मक्याची शेती करतात. ते म्हातारा-म्हातारी दरवर्षी जत्रेच्या आवारातच मुक्कामाला असतात. त्यांनी आम्हाला दोन रात्रींचे निमंत्रण दिले होते.

"झोपायचं कुठं?" आमच्या मंडळींनी विचारले.

"त्यांच्या जुन्या ट्रेलरमध्ये, आई."

"ट्रेलर म्हणजे ट्रॉलीच की."

"ट्रॉलीच, पण वर घर असतं. बाहेर शेकोटी पेटवायची, तिथंच स्वयंपाक. फार मजा येते."

मंडळींनी हातातले निवडायचे ताट खाली ठेवले. म्हणाल्या, "जावईबापू, लहानपणी ज्वारीच्या राखणीला मी माळ्यावर झोपलेय. सुगीत खळ्यावर झोपलेय. चुलीच्या धुरानं आमच्या आईचे डोळे अधू झाले. घरी गॅस आला त्या दिवशी मी नारळ फोडला. आता सात समुद्र ओलांडून पुन्हा रानात चूल फुंकायला येऊ होय? तुम्ही जा. मी घर राखते."

जावई गप्प झाले. लेक हसू लागली. मला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. मंडळींचे माहेर माण तालुक्यातले. त्या बोलल्या ते अनुभवाचे बोल होते. ज्याला पक्के घर आहे त्यालाच उघड्यावर राहण्याची हौस असते. आपल्याकडे दसरा-दिवाळी झाली की बीडकडची माणसे बायकापोरांसह उसाच्या फडावर येतात, पाचटाच्या कोपीत चार-पाच महिने काढतात. पहाटे काळोखात उठून बाई भाकरी थापते आणि उजाडायच्या आत कोयता घेऊन फडात उतरते. त्या बाईला कोणी म्हणाले की चल, दोन दिवस मजेने तंबूत राहू, तर ती काय उत्तर देईल?

अमेरिकेतही हे दिवस येऊन गेले आहेत. १९३० नंतरच्या दशकात ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सास या भागांत लागोपाठ पाऊस हुकला. गवताची कुरणे नांगरून गहू पेरला होता. पीक जळाले आणि उघडी पडलेली माती वाऱ्याने आभाळात गेली. हजारो कुटुंबे जुन्या मोटारींवर गाद्या-भांडी बांधून कॅलिफोर्नियात कापूस वेचायला आणि फळे तोडायला निघाली. ओढ्याकाठी फाटक्या तंबूत राहिली. तिथे अर्विन गावाजवळ सरकारने १९३६ साली त्यांच्यासाठी छावणी उघडली, त्यात नळ आणि संडास होते. (मृदसंधारणाचे सरकारी खाते त्यांनी १९३५ साली काढले ते याच धुळीमुळे. बांधबंदिस्तीला नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) तेव्हा तंबूतला मुक्काम हा एकाचा विसावा असतो आणि दुसऱ्याचा वनवास. कापड तेच असते.

पण गंमत अशी की हे चाकावरचे घर जन्माला आले तेच एका बाईच्या नकारातून. ही हकिगत मला तिकडे समजली आणि ती मी मुद्दाम मंडळींना सांगितली.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत मध्यम स्थितीतल्या माणसांकडेही मोटारी आल्या. लोक मोटारीला तंबू बांधून भटकू लागले. १९१९ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा गावी अशा भटक्यांनी एक मंडळ काढले, त्याचे नाव 'टिन कॅन टूरिस्ट्स'. म्हणजे डबावाले प्रवासी म्हणा. डब्यातले अन्न खायचे आणि मोटारीच्या रेडिएटरच्या टोपणावर टिनचा डबा बसवायचा, ही त्यांची खूण. पण तंबू तो तंबूच. डेट्रॉइटचे आर्थर शर्मन हे जंतुशास्त्राचे जाणकार. त्यांनी घडीचा तंबू असलेली एक गाडी विकत आणली. विकणाऱ्याने सांगितले होते की पाच मिनिटांत उभा राहतो. रानात नेमका पाऊस आला, तंबू काही उभा राहीना आणि पोराबाळांसह सगळे ओलेचिंब झाले. घरी येऊन शर्मन यांनी सहा फूट रुंद आणि नऊ फूट लांब असा चार भिंतींचा पक्का खोकाच चाकांवर बांधून घेतला. हे १९२९ साल. पोरांनी त्याला 'छपराची गाडी' म्हटले आणि पुढे त्याच नावाने त्यांचा कारखाना निघाला.

दुसरे गृहस्थ वॉली बायम. हे लहानपणी मेंढरे राखायचे. गाढवाच्या दुचाकी गाडीत त्यांचे बिऱ्हाड असे. त्यात एक रॉकेलची शेगडी, एक बादली आणि अंथरूण. आपल्या धनगराच्या घोड्यावरचे बिऱ्हाड आठवा. मोठेपणी त्यांनी फोर्ड मोटारीच्या सांगाड्यावर तंबू उभारला आणि पत्नीला, मेरियनबाईंना, घेऊन निघाले. बाईंनी बजावले, माझ्या स्वयंपाकघराशिवाय मी येणार नाही. मग बायम यांनी थेंबाच्या आकाराची बंद खोली बांधली, तिच्यात शेगडी बसवली, बर्फाची पेटी बसवली. तो आराखडा लोकांना इतका आवडला की १९३१ साली 'एअरस्ट्रीम' नावाची कंपनी उभी राहिली. १९३६ चा त्यांचा 'क्लिपर' ट्रेलर विमानासारखा अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिबेट मारून जोडलेला होता, आत चार माणसे झोपत आणि किंमत होती १,२०० डॉलर. पुढे बायम यांनी अशा चंदेरी ट्रेलरांचे तांडेच्या तांडे बाहेर काढले. १९५९ साली एक तांडा आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून कैरोपर्यंत गेला. बायम वारल्यावर १९६३-६४ मध्ये दुसरा तांडा सिंगापूरहून निघून पोर्तुगालला पोचला, तो आपल्या भारतातून गेला होता.

मंडळींनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, "मेरियनबाई शहाणी होती." थोड्या वेळाने विचारले, "तिथं संडास आहे का?"

आहे म्हटल्यावर त्या निघाल्या. तोंड मात्र निघतानाही आंबटच होते.

जत्रेच्या आवारात मुक्कामासाठी १६० एकरांची वेगळी टेकडी आहे. झाडी आहे, ओळीने पाण्याचे नळ, विजेचे खांब, न्हाणीघरे. पूर्वी लोक घोड्यांच्या गाड्या जुंपून येत आणि तंबू ठोकत. आता शेकडो ट्रेलर उभे राहतात. कित्येक घराण्यांची जागा ठरलेली. आजोबाने जिथे गाडी सोडली तिथेच नातू सोडतो. आपल्या वारीत दिंड्यांचे मुक्काम ठरलेले असतात तसे. काही ट्रेलर इतके प्रचंड की आत दूरदर्शन संच, थंड हवेचे यंत्र, सोफा. अशांना मुक्काम म्हणण्यात अर्थ नाही. शहरातले घर ओढत आणून रानात उभे केले, एवढेच ते.

आमच्या यजमानांची गाडी निराळी होती. १९६४ सालची 'शास्ता', सोळा फुटी. पांढरी आणि पिवळी, मागच्या दोन्ही अंगांना पंखासारखे पत्रे. दार उघडून आत गेलो तर सगळी बाजू गुळगुळीत प्लायवुडची, मधासारख्या रंगाची. एका टोकाला जेवायचे मेज, त्याच्या दोन बाजूंना बाके. रात्री मेज खाली उतरवले की त्याचाच पलंग होतो. मध्ये गॅसची शेगडी, भांडी धुवायचे छोटे कुंड, बर्फाची पेटी, भिंतीला गॅसचा दिवा. एवढ्याशा जागेत मी मोजलेली कपाटे नऊ. म्हातारा-म्हातारी आता मुलाच्या मोठ्या ट्रेलरमध्ये झोपतात. ही जुनी गाडी पाहुण्यांसाठी. मंडळींनी एकेक कपाट उघडून पाहिले, शेगडीवरून बोट फिरवून पाहिले आणि गादी दाबून पाहिली. बोलल्या काही नाहीत.

पहिल्या रात्री पाऊस आला. तिकडचा ऑगस्टचा पाऊस वळवासारखा, गडगडाट करीत येतो. पत्र्यावर ताशा वाजावा तसा आवाज सुरू झाला. मंडळी उठून बसल्या आणि अंधारात छताला हात लावून कोपरा न् कोपरा चाचपू लागल्या. माहेरी गळक्या छपराखाली पातेली मांडण्यात बालपण गेले, ती सवय जाते थोडीच. कुठे थेंब नाही असे पाहून आडव्या झाल्या आणि मी जागा असतानाच घोरू लागल्या.

सकाळी उठून पाहतो तो यजमान म्हातारबुवा, वय सत्तरीच्या पुढे, विजार आणि गळपट्टीचे आंगरखे घालून शेकोटीपाशी बसलेले. एका हातात लोखंडी तवा, त्यात अंडी. दुसरीकडे कॉफीची किटली. त्यांची कारभारीण खुर्चीत पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होती. त्यांनी पहिला पेला भरला तो आमच्या मंडळींच्या हातात दिला.

मंडळींना बसवेना. उठून ताटल्या गोळा करायला गेल्या, तर म्हातारीने हात धरून खाली बसवले. लेकीने भाषांतर केले. त्या घरचा नियम असा की जत्रेच्या अकरा दिवसांत चूल, ताटल्या आणि पाणी पुरुषांकडे. चाळीसएक वर्षांपूर्वी म्हातारीनेच तो घालून दिला. नियम मान्य नसेल तर मी घरी राहते, तुम्ही एकटे जा, असे तिने त्या वेळी सांगितले होते. म्हणजे त्यांच्या घरातही एक मेरियनबाई होतीच. जेवण झाल्यावर म्हातारबुवा, त्यांचा मुलगा, नातू आणि आमचे जावई अशी रांग नळाकडे निघाली. मीही गेलो. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

पहिल्या दिवशी मंडळी खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, एसटीत बसावे तशा. दुसऱ्या दिवशी पाठ टेकली. दुपारी म्हातारीबरोबर लोण्याची गाय पाहायला गेल्या. हा त्या जत्रेतला १९११ पासूनचा प्रकार. काचेच्या थंडगार खोलीत लाकूड आणि जाळीच्या सांगाड्यावर सुमारे २७० किलो लोणी थापून पुऱ्या मापाची गाय उभी करतात. नॉर्मा लायन या शेतकरी बाईंनी १९६० पासून २००५ पर्यंत ती घडवली. त्या पशुविज्ञानाच्या पदवीधर होत्या, त्यामुळे कास कशी असावी आणि दुधाची शीर कुठे दिसावी हे त्यांना सांगावे लागले नाही. तेच लोणी काढून ठेवतात आणि वर्षानुवर्षे पुन्हा वापरतात. मंडळी परत येऊन म्हणाल्या, "गाय झकास आहे. पण एवढं लोणी!" त्यांच्या डोळ्यांसमोर कढवलेल्या तुपाचे डबे उभे राहिले असणार.

संध्याकाळी त्यांनी स्वतःहून तवा मागून घेतला. कोणी सांगितले नव्हते. लेकीने ज्वारीचे पीठ आणले होतेच. निखाऱ्यावर भाकरी फुगली तेव्हा शेजारच्या तीन ट्रेलरांतली माणसे पाहायला आली. म्हातारबुवांनी पीठ चिमटीत घेऊन ओळखले. "ही आम्ही जनावरांना घालतो," असे ते भाबडेपणाने बोलून गेले. लेकीने मराठीत सांगितल्यावर मंडळी म्हणाल्या, "सांग त्यांना, तुमचा मका आमच्याकडे कोंबड्या खातात." हे ऐकून म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने दोन भाकरी खाल्ल्या.

चूल तीच होती, बाई तीच होती. घरी ती रोज पेटवावीच लागते. इथे वाटले म्हणून पेटवली, आणि भांडी दुसऱ्याने घासली.

आता त्या जुन्या गाडीबद्दल थोडे सांगतो. आपल्यापैकी निदान ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांच्या तरी ते उपयोगाचे आहे. अशा जुन्या ट्रेलरचा बाहेरचा पत्रा टिकतो, आतले लाकूड कुजते. पत्र्याचे जोड, खिडकीची चौकट, छतावरचे झरोके या वाटांनी पाणी मुरते आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हातारबुवा म्हणाले, जुनी गाडी घेताना आधी डोळे मिटून वास घ्या. कोंदट वास आला की लाकडाला आरीने टोचून पाहा. आरी लोण्यात जावी तशी गेली तर नमस्कार करून परत फिरा. त्यांनी स्वतः दोन हिवाळे खर्चून सांगाड्याच्या कुजलेल्या फळ्या बदलल्या आणि सगळे जोड नव्याने बंद केले. आमची पावसाळी रात्र कोरडी गेली ती त्यामुळे.

ओझ्याचे गणित बैलगाडीचेच. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. मोटारीमागच्या ट्रेलरचेही तसेच. एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवर यावा. त्याहून कमी झाला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा झुलू लागतो आणि मोटार उलटवतो. टायरचेही पाहा. नक्षी शाबूत दिसली तरी उभ्या गाडीचे रबर उन्हाने म्हातारे होते. टायरच्या अंगावर चार आकड्यांची एक खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. आपल्याकडच्या टायरांवरही ही खूण असते, उद्या सकाळी ट्रॉलीपाशी जाऊन वाचा. आणि मागचे दिवे! तिकडे साठ वर्षांच्या ट्रेलरलाही मागे दिवे चालू लागतात. आपल्याकडे कारखान्याच्या हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्याने जातात, पुष्कळदा मागे ना दिवा, ना चकाकणारी पट्टी. मोटारसायकलवरची किती तरणी पोरे त्यात गेली. पट्टी फार महाग नाही. एवढे तरी या हंगामाआधी करा.

गॅसचा जोड तपासायचा तो साबणाचा फेस लावून, काडी ओढून नव्हे. आणि कोळशाची शेगडी बंद ट्रेलरमध्ये कधीही नेऊ नये. तो विषारी वायू वासावरून कळत नाही, माणूस झोपेतच जातो. थंडीत बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून शेगडी ठेवतात, त्या घरांनाही माझे हेच सांगणे आहे.

दुसऱ्या रात्री शेकोटीपाशी मी म्हातारबुवांना विचारले, की एवढी जुनी गाडी का जपली? ऐपत तर नवी घेण्याची आहे. त्यांनी जे सांगितले ते मंडळींनी मला नंतर दोनदा विचारून घेतले. १९८० नंतर आयोवातल्या शेतकऱ्यांवर मोठे संकट आले. बँकांचे व्याज भडकले, धान्याचे भाव पडले. १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत जमिनीची किंमत निम्म्याहूनही खाली आली. ज्यांनी जमीन तारण ठेवून कर्ज काढले होते त्यांचे कर्ज जमिनीपेक्षा मोठे झाले. लिलाव होऊ लागले. काहींनी जिवाचे बरेवाईट करून घेतले. हे सांगताना म्हातारा शेकोटीकडेच पाहत होता. त्यांची निम्मी जमीन त्या वर्षांत गेली. गाय विकली, मोटार विकली. ट्रेलर विकायला काढला, तर वीस वर्षांच्या त्या गाडीला कोणी गिऱ्हाईक मिळेना. म्हातारी म्हणाली, मग जत्रेला तरी जाऊ. घरी बसून टपालाची भीती वाटते. तिथे शेजारच्या ट्रेलरमधल्यांचीही तीच गत होती. रात्री शेकोटीपाशी बोलणे झाले, तेव्हा कळले की कर्जात आपण एकटे नाही. बायका आधी बोलल्या, पुरुष मागून.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही, म्हणून जास्त लांबवत नाही. कर्जाखाली दबलेला माणूस पहिल्यांदा घराबाहेर पडणे बंद करतो. पारावर येत नाही, पाहुण्याकडे जात नाही. घरच्यांना ते दिसते, पण सोबतीला कोणाला बोलवावे ते सुचत नाही.

मी आणखी एक विचारले. अकरा दिवस घर सोडायचे तर मागे जनावरे कोण पाहते? उत्तर ऐकून मला आपलीच सावड आठवली. शेजारचे दोघे वाटून त्यांची डुकरे आणि वासरे सांभाळतात, आणि शेजारी उन्हाळ्यात सरोवराकाठी जातात तेव्हा म्हातारबुवांचा मुलगा त्यांच्याकडचे काम पाहतो. पैशाचा व्यवहार नाही. आपण पेरणीला, मळणीला सावड करतो. बैलाची सावड करतो. विसाव्याची सावड का करू नये? दोन घरांनी ठरवले तर दुभत्या जनावरांच्या चार धारा शेजारीण काढू शकते. अट एवढीच, की ती जाईल तेव्हा आपण तिच्या गोठ्यात उभे राहायचे.

ट्रेलर विकत घ्या असे मी कोणाला सांगणार नाही. तेवढ्या पैशात ठिबक होते. उसाच्या ट्रॉलीत माणसे भरून जत्रेला जाण्यालाही माझी संमती नाही, ते कायद्यातही बसत नाही. पण ज्यांची शेती गडकिल्ल्यांच्या किंवा धरणांच्या वाटेवर आहे त्यांनी एक लक्षात घ्यावे. आपल्या राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे आणि २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण काढले. कॅराव्हॅन म्हणजे हीच चाकावरची घरे. शहरातली मंडळी आता राहायला जागा शोधतात. विहिरीजवळ आंब्याची सावली, नळ, दोन स्वच्छ संडास आणि गाडी वळेल एवढी पक्की जागा, इतके असेल तर पर्यटन संचालनालयाकडे चौकशी करायला हरकत नाही. मात्र चौकशीला जाण्याआधी घरातल्या सुनेला विचारा. मी अशी केंद्रे पाहिली आहेत की जिथे पाहुणे चुलीवरच्या भाकरीचे फोटो काढतात आणि सून सकाळपासून तिसरी परात मळत असते. तिच्या कामाला मजुरी धरली तर धंदा परवडतो का, ते आधी मांडून पाहा.

आमच्याकडचे सांगायचे तर मंडळींनी दुसऱ्या दिवशी निघताना आणखी एक रात्र मागून घेतली. म्हातारीने जाताना त्यांना मक्याची कणसे दिली, मंडळींनी तिला पोळपाटावर काढून भाकरी थापायला शिकवले. ती तिला काही जमली नाही.

परत आल्यापासून चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला मुक्कामी जाण्याचे घाटते आहे. शेजारच्या घराशी धारांची सावड ठरली आहे, दोन राहुट्या भाड्याने मिळतात त्या पाहून ठेवल्या आहेत. मंडळींनी अटी घातल्या त्या तीन. गॅसची शेगडी बरोबर हवी. मुक्काम संडासाच्या जवळ हवा. भांडी पुरुषांनी घासायची. शेजारचे गृहस्थ तिसऱ्या अटीपाशी अडले आहेत, त्यांची समजूत काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

तुमच्या गावात घर सोडून जाताना गोठ्याची सोय कशी करतात? सावडीने, मजुरीने, की कोणीतरी मागे राहतेच? राहत असेल तर कोण राहते? पोस्टकार्डावर चार ओळी लिहून कळवा. या वेळी उत्तर घरातल्या बाईने लिहावे, नाहीतर तिला विचारून लिहावे.